हॉकीची स्टिक : खेळातील जागा आणि निवड

बंगळूरच्या ज्ञानभारती परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. राष्ट्रीय हॉकी संघांची सराव शिबिरे तेथे भरतात. असा सराव पाहून परतलेला मुलगा दुकानात जातो तेव्हा एखाद्या नामवंत खेळाडूच्या हातात पाहिलेलीच स्टिक मागतो. ती स्टिक त्या खेळाडूच्या उंचीला, मनगटाला आणि मैदानावरील जागेला अनुरूप असते, ही गोष्ट तो विसरतो. पालकांनी पुष्कळ पैसे मोजलेले असतात. म्हणून जड वाटली तरी वर्षभर तीच वापरली जाते, आणि तेवढ्या काळात मनगट चुकीची सवय शिकते.

लॅक्रॉस या उत्तर अमेरिकेतील खेळात पुरुषांच्या सामन्यात बचाव करणाऱ्याची काठी आक्रमकाच्या काठीहून कितीतरी लांब असू शकते. हॉकीत अशी सवलत नाही. नियम सर्वांना एकच : स्टिकची लांबी 105 सेंटिमीटरहून अधिक नसावी, वजन 737 ग्रॅमपेक्षा जास्त नसावे आणि ती 51 मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून पार व्हावी. जागेनुसार निवड करावयाची ती या चौकटीत राहूनच. (मराठीत ‘काठी’ हा शब्द असला, तरी मैदानावर तो कोणी उच्चारीत नाही, म्हणून येथेही ‘स्टिक’ हाच शब्द ठेवला आहे.)

प्रथम लांबी पाहावी. स्टिक पायाशेजारी उभी धरली असता तिचे वरचे टोक साधारणतः कमरेच्या हाडापाशी यावे. प्रौढ खेळाडूंत साडेछत्तीस इंची स्टिक सर्वाधिक चालते. उंच खेळाडूला, विशेषतः पल्ला हवा असलेल्या बचावपटूला, साडेसदतीस इंची सोयीची पडते. मूल वाढेल म्हणून मोठी स्टिक घेणे हे मोठ्या मापाचे बूट घेण्यासारखेच होय.

वजनाचा विचार याहून नाजूक आहे. हॉकीत स्टिकची डावी, सपाट बाजूच चेंडूला लागावी लागते. त्यामुळे चेंडू डावीकडून उजवीकडे ओढताना स्टिक पुनःपुन्हा उलटवावी लागते, आणि हे काम मुठीच्या टोकाशी असलेल्या डाव्या हाताचे असते. आघाडीच्या खेळाडूला हे क्षणोक्षणी करावे लागते. म्हणून त्याने हलकी स्टिक घ्यावी. फुलबॅकला दूरवर जोरदार फटका मारावयाचा असतो व समोरच्याचा फटका अडवावयाचा असतो. थोडे अधिक वजन त्याच्या कामी येते. मधल्या फळीतील खेळाडूला दोन्ही कामे करावी लागत असल्याने त्याने तोल पाहावा, टोकाचे गुण पाहू नयेत. गोलरक्षक स्टिक बहुधा एकाच हातात धरतो. त्याची स्टिक चटकन फिरली पाहिजे. 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आशिष बल्लाळ यांनी टायब्रेकरमध्ये केलेले बचाव ज्यांनी पाहिले, त्यांना क्षणार्धाचे मोल निराळे सांगावयास नको.

पूर्वी हा सारा विचार तुतीच्या लाकडापुरताच होता. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधरला आले आणि तेथे हा धंदा वाढीस लागला. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम हिरवळीवर आली. चेंडू वेगाने व समतल धावू लागला आणि कालांतराने लाकडाची जागा कार्बन व काचतंतू यांनी घेतली. कार्बन अधिक असलेली स्टिक ताठ असते आणि तिचा फटका जोरदार बसतो. परंतु चेंडू थांबविताना ती हाताला झिणझिण्या आणते, व नवशिक्याच्या स्टिकवरून चेंडू उसळून जातो. त्याने काचतंतूची किंवा लाकडाची घेणे बरे. लाकडी घेताना टोकाच्या वळणाबरोबर रेषे वळले आहेत की मध्येच तुटले आहेत, हे अवश्य पाहावे.

दांड्याच्या बाकाविषयी दुकानदार फार बोलतो. बाक 25 मिलिमीटरपर्यंत चालतो. तो टोकाच्या जवळ असला तर पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिक मारणे सोपे जाते; मात्र सरळ फटका मारताना चेंडू अनपेक्षितपणे उचलला जाण्याचा संभव वाढतो. संघात ड्रॅग फ्लिक मारणारे एकदोघेच असतात, हे लक्षात घेऊन इतरांनी मध्यम बाक पसंत करावा.

पैसे देण्यापूर्वी स्टिक डाव्या हातात धरून वीसपंचवीस वेळा उलटसुलट फिरवून पाहावी. मनगट झुकू लागले, तर तिची किंमत विचारण्याचे कारण उरत नाही.