कोल्हीण गोड बोलते तेव्हा

बायो, परवा जेवताना तू विचारलंस, "ताई, ही याए मिको नक्की कुणाच्या बाजूची गं?" आईला वाटलं, वर्गातल्या एखाद्या मुलीबद्दल चाललंय. माझी दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती, म्हणून मी विषय मिटवला. आज सुट्टी आहे, आता नीट बोलू. तुझा प्रश्न 'गेन्शिन इम्पॅक्ट'मधल्या एका कोल्हिणीपुरता नाही. गोड बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे, हे ओळखायचं कसं, असा तो आहे. उद्या पाम सोडून, बोईसरहून लोकल धरून कॉलेजला जायला लागलीस की तो तुला रोज पडेल.

पहिली गोष्ट. तिचं बोलणं ठेव बाजूला आणि तिने पदरचं काय घातलं ते बघ. याए नारुकामी देवळाची मुख्य पुजारीण, वर स्वतःची प्रकाशनसंस्था चालवते, आणि सरळ उत्तर द्यायचं म्हटलं की तिच्या जिवावर येतं. देशाचा कारभार हाकणाऱ्या राईडन शोगुनशी लढायला ती प्रवाशाला, म्हणजे आपल्या पात्राला, तयार करते, पण कशासाठी, ते सांगत नाही. तू म्हणालीस, "वापरून घेतेय." घेतेच आहे, नाही कोण म्हणतं? पण फातुई या शत्रुटोळीच्या कारखान्यातला प्रसंग आठव. प्रवासी बेशुद्ध पडलाय आणि समोर त्यांचा स्कारामूश उभा. तेवढ्यात ही येते. देवतांच्या ज्या नोसिससाठी, त्या शक्तीच्या खुणेसाठी, फातुई देशोदेशी डाव टाकत हिंडतात, तो विजेच्या देवतेचा, स्वतःजवळ असलेला नोसिस त्याच्या हातावर ठेवते आणि बदल्यात एक जीव सोडवून नेते. नुसतं वापरून घ्यायचं असतं, तर दुसरा कुणी प्रवासी शोधणं तिला स्वस्त पडलं असतं.

मग तिला हवं काय होतं? एई, म्हणजे तीच विजेची देवता, तिची जुनी मैत्रीण. बहीण गेल्यावर एई स्वतःच्याच मनात दार लावून बसली आणि बाहेरचा कारभार एका बाहुलीवर, म्हणजे त्या शोगुनवर, सोपवून मोकळी झाली. शेकडो वर्षं तशीच. आपण समजावून ती ऐकणार नाही हे याएला पक्कं माहीत, म्हणून तिने बाहेरचा माणूस गाठला. हेतू मैत्रीचा, रीत कोल्हिणीची. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, बायो. 'चांगली की वाईट' असं विचारलंस, तर अर्धीच याए हाती लागेल.

दुसरी गोष्ट. शेवटी फायदा कुणाच्या पदरात पडला ते बघ. पंचतंत्रातला दमनक आठवतो ना? तोही कोल्हाच. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची गाढ मैत्री झाली आणि दरबारात दमनकाला कुणी विचारेना. मग हा सिंहाकडे जाऊन सांगतो, बैल तुमच्या जिवावर उठलाय. बैलाकडे जाऊन सांगतो, सिंह तुला खाणार. दोघांनाही बजावतो, समोरचा बिथरलेला दिसला की समज. झालं! दोघंही बिथरलेलेच एकमेकांसमोर येतात आणि दोघांनाही वाटतं, दमनक खरं बोलला. बैल मरतो, सिंह हळहळतो आणि दमनकाची खुर्ची शाबूत राहते. करटक त्याला आधीपासून समजावत असतो, पण ऐकतो कोण? आता दोघांना शेजारी ठेवून बघ. याएनेही माणसं हलवली, पण किंमत स्वतःच्या खिशातून दिली. दमनकाने ती दुसऱ्यांकडून वसूल केली. आपल्या एमआयडीसीत "पुढच्या महिन्यात कायम करतो" म्हणणारे ठेकेदार कमी भेटतात का? बोलणं मधाळ, आणि वर्षाच्या शेवटी फायदा कुणाचा झाला ते पोरांनाच माहीत.

तिसरी गोष्ट. नुसत्या नावावरून संशय घेऊ नकोस. कोल्हा म्हटला की लबाड, हे आपण लहानपणापासून घोकलंय. खाडीकाठच्या तिवरांतले कोल्हे बिचारे खेकडे-उंदरांवर पोट भरतात, लबाडी त्यांना आपण चिकटवली. जपानी लोकांनी कोल्ह्याला दोन्ही रूपं दिलीत. एकीकडे तो इनारी देवाचा दूत, क्योतोच्या फुशिमी इनारी देवळात त्याच्या मूर्ती आहेत. दुसरीकडे सम्राटाला भुलवणारी कोल्हीण तामामो-नो-माए. ऊन-पाऊस एकदम आला की कोल्ह्याचं लग्न लागतं, असं आजी सांगते ना? जपानातही तेच सांगतात. खेळ लिहिणाऱ्यांना हे सगळं ठाऊक आहे. शेपटीचा इशारा दिला की तू संशय घेणार, हे धरूनच त्यांनी याए रचली.

इथेच मला तुला जपायचंय. याएच्या मागे लेखक बसलाय. त्याने तिचा हेतू आधी ठरवलाय आणि तो कधीतरी उलगडणार, हे नक्की. खऱ्या माणसामागे असा कुणी बसलेला नसतो. कुणी मुलगा किंवा मैत्रीण गोड बोलते, मध्येच गायब होते, पुन्हा उगवते, तर तिचं कोडं सोडवत रात्री जागवू नकोस. सरळ विचार. सरळ विचारूनही उत्तर टाळलं, तर तेच तुझं उत्तर.

आणि एक छुपा हेतू तुझ्या नजरेतून सुटलाय. फेब्रुवारी २०२२ मध्ये याए खेळायला मिळाली, तेव्हा तिची गोष्ट आणि तिचा बॅनर, म्हणजे तिला मिळवायची सोडत, एकदमच आले. म्हणजे जीव जडायला आणि पाकीट उघडायला एकच मुहूर्त. तिच्या बॅनरवर पंचतारांकित पात्र निघण्याची मूळ शक्यता एका विशला, म्हणजे एका खेपेला, ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा. नव्वदाव्या विशपर्यंत एक नक्की मिळतं, पण पहिलं मिळालेलं पात्र याएच असेल याची हमी नाही. एका विशला खेळातल्या चलनाचे १६० प्रिमोजेम्स. कर हिशेब. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या सोडतींच्या शक्यता आणि खर्चाबाबत मुलांची दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये हा खेळ चालवणाऱ्या कंपनीने २ कोटी डॉलर भरायचं आणि १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय असल्या सोडती न विकायचं कबूल केलं. आता लाव आपली दुसरी कसोटी: फायदा कुणाच्या पदरात?

खेळ सोड, असं मी म्हणणार नाही. गोष्ट सुरेख आहे, मलाही आवडते. खेळून मिळतील तेवढ्याच प्रिमोजेम्सवर विश कर. याए मिळाली तर मिळाली. आणि बाबांच्या फोनवरून पैसे भरायचा मोह झाला, तर आधी मला फोन कर. शिफ्टमध्ये असले तरी चालेल, मी रागावणार नाही.