एका शब्दाचे भांडण

(आपल्या देशात क्रिकेटइतके नाही, तरी फुटबॉलचे वेड पुष्कळांना आहे. २००६ साली जर्मनीत विश्वचषक स्पर्धा झाली. त्या स्पर्धेतील एक सामना खेळापेक्षा भांडणासाठीच लोकांच्या लक्षात राहिला. तो सामना रात्री जागून पाहणाऱ्या बल्लारपूरच्या चार मित्रांची ही हकिकत आहे. मैदानावर भांडण का होते आणि घरात भांडण का होते, याचा विचार करीत हा पाठ वाचा.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जणांनी बल्लारशा स्टेशन पाहिले असेल. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या तेथे थांबतात. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर हे गाव या स्टेशनामुळे, कागदाच्या कारखान्यामुळे आणि आसपासच्या कोळशाच्या खाणींमुळे प्रसिद्ध आहे. कामाच्या निमित्ताने येथे दूरदूरची माणसे आली आणि येथलीच झाली. म्हणून बाजारात उभे राहिलात, तर मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, बंगाली आणि गोंडी अशा अनेक भाषा तुमच्या कानांवर पडतील.

अशाच एका बाजारातील चहाच्या टपरीवर चार मित्र रोज संध्याकाळी बसतात. एक चाचा आहेत. त्यांचा जन्म कागदाच्या कारखान्यात काम करण्यात गेला. दुसरे अण्णा, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. त्यांची घरची भाषा तेलुगू. तिसरे दादा, सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारे. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत. दादा त्यांपैकीच एका गावचे. चौथे गुरुजी, उर्दू शाळेत मराठी शिकवणारे.

चौघांनाही फुटबॉलचे वेड. नागपूरचा यंग मुस्लीम क्लब आणि कामठीचा रब्बानी क्लब यांची नावे चाचांच्या तोंडी नेहमी असतात. दादांच्या घरी तर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या गोष्टी ऐकतच मुले लहानाची मोठी झाली. पण हे चौघे एकत्र बसले, की हटकून एकाच सामन्याची आठवण निघते. ती आठवण निघाली, की चाचा आधी हसतात आणि मग थोडे गंभीर होतात. असे का? त्यासाठी आपल्याला २००६ सालात जायला हवे.

त्या वर्षी २५ जूनच्या रात्री जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात पोर्तुगाल आणि हॉलंड, म्हणजेच नेदरलँड्स, या देशांचा सामना होता. जो हरेल तो स्पर्धेतून बाहेर, असा तो सामना. जर्मनीत रात्रीचे नऊ वाजले होते, तेव्हा आपल्याकडे साडेबारा झाले होते. चाचांच्या घरी टी. व्ही. समोर चटई टाकलेली होती. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. चाचा आणि अण्णा पोर्तुगालच्या बाजूचे, तर दादा हॉलंडचे. गुरुजी म्हणाले, "मी कोणाच्याच बाजूचा नाही. मी चांगल्या खेळाच्या बाजूचा."

बिचारे गुरुजी! त्या रात्री चांगला खेळ त्यांना फारसा पाहायला मिळाला नाही.

सामना सुरू होऊन दोन मिनिटे होतात न होतात, तोच हॉलंडच्या व्हॅन बॉमेलला पहिले पिवळे कार्ड मिळाले. सातव्या मिनिटाला हॉलंडच्याच बूलाहरूझने पोर्तुगालच्या रोनाल्डोला जोरात लाथ मारली. त्यालाही पिवळे कार्ड मिळाले. रोनाल्डो तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता. तो लंगडत खेळत राहिला, पण पाऊण डाव संपायच्या सुमारास त्याला मैदान सोडावे लागले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. त्याआधी तेविसाव्या मिनिटाला पोर्तुगालच्या मानिशने सुंदर गोल केला होता. सामन्यातील तो एकमेव गोल.

मग काय झाले? खेळ मागे पडला आणि राग पुढे आला. पोर्तुगालच्या कॉस्टिन्याने हाताने चेंडू अडवला. त्याचे ते दुसरे पिवळे कार्ड. दोन पिवळी म्हणजे एक लाल. तो बाहेर गेला. पोर्तुगालचा कर्णधार फिगो याने व्हॅन बॉमेलला डोक्याने धक्का दिला. थोड्या वेळाने बूलाहरूझ बाहेर गेला. पुढे एका खेळाडूला दुखापत झाली म्हणून खेळ थांबला. अशा वेळी चेंडू समोरच्या संघाला परत द्यावा, असा रिवाज आहे. तो नियमांच्या पुस्तकात लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. हॉलंडच्या हायटिंगाने तो पाळला नाही. चेंडू घेऊन तो पुढे धावला. संतापलेल्या डेकोने त्याला आडवे पाडले. लगेच दोन्ही संघांची झोंबाझोंबी सुरू झाली. पुढे डेकोलाही बाहेर जावे लागले आणि अगदी शेवटी हॉलंडच्या व्हॅन ब्रॉन्कहॉर्स्टलाही.

रशियाचे पंच व्हॅलेंटिन इव्हानोव्ह यांनी त्या रात्री सोळा वेळा पिवळे आणि चार वेळा लाल कार्ड दाखवले. विश्वचषकाच्या एका सामन्यात तोपर्यंत एवढी कार्डे कधीच निघाली नव्हती. सामना संपला तेव्हा दोन्ही बाजूंना फक्त नऊ-नऊ खेळाडू उरले होते. लोक त्या सामन्याला 'न्यूरेंबर्गची लढाई' म्हणू लागले.

मित्रांनो, ही पिवळी-लाल कार्डे आली कोठून, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्यांच्या जन्माची कथाही भांडणाचीच आहे.

केन ऍस्टन नावाचे इंग्लंडमधील एक शिक्षक फुटबॉलचे पंच होते. १९६२ साली चिली देशाच्या सांतियागो शहरात चिली आणि इटली यांचा सामना त्यांच्या हाती होता. इटलीच्या काही पत्रकारांनी चिलीची निंदा करणारे लेख लिहिले होते. त्यामुळे लोक आधीच चिडलेले होते. मैदानावर लाथा आणि ठोसे चालले. बाहेर काढलेला खेळाडू जाईना, तेव्हा त्याला नेण्यासाठी पोलीस आले.

चार वर्षांनी, १९६६ साली, लंडनमध्ये इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा सामना झाला. पंच रुडॉल्फ क्राइटलाइन जर्मन होते. अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तीन स्पॅनिश बोलत होता. पंचांना स्पॅनिश येत नव्हती आणि रात्तीनला जर्मन येत नव्हती. पंचांनी त्याला बाहेर जाण्यास सांगितले. तो जाईना. आपल्याला दुभाषा हवा आहे, असे तो सांगत राहिला. कित्येक मिनिटे सामना थांबला. त्याच सामन्यात इंग्लंडच्या जॅक चार्लटनलाही ताकीद मिळाली होती, पण हे त्याला मैदानावर कळलेच नाही!

ऍस्टन तेव्हा स्पर्धेतील पंचांचे प्रमुख होते. सामन्यानंतर ते मोटारीने घरी निघाले. वाटेत चौकातील दिवा पिवळा झाला, मग लाल झाला. ऍस्टन थांबले आणि त्यांच्या मनात विचार आला : पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे थांबा. हे सांगायला दिव्याला कोणतीही भाषा लागत नाही. मग पंचाला तरी का लागावी? या विचारातून पिवळी आणि लाल कार्डे तयार झाली. १९७० साली मेक्सिकोच्या विश्वचषकात ती प्रथम वापरली गेली.

किती साधी युक्ती! तरीही २००६ च्या त्या रात्री वीस वेळा कार्ड वर गेले आणि भांडण काही थांबले नाही. खेळाडूंना कार्डाचा अर्थ कळत नव्हता का? चांगला कळत होता. पण रागावलेला माणूस कळलेलेही ऐकत नाही.

आता पुन्हा चाचांच्या घरी जाऊ. सामना पोर्तुगालने जिंकला. पहाटेचे अडीच वाजून गेले होते. चाचांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. दादा उदास होऊन चपला शोधू लागले. जाता जाता ते आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले, "चाचा, आमची मुले हरली. पण त्यांनी शेवटपर्यंत चेष्टा केली."

चाचांचा चेहरा एकदम बदलला. "काय म्हणालास? चेष्टा केली? एकवीस वर्षांच्या पोराला लाथ मारून रडवले आणि वर चेष्टा केली म्हणतोस? लाज नाही वाटत?"

दादा गोंधळले. "यात लाज कसली? चेष्टा केली, हे चांगलेच झाले. मला त्यांचा अभिमान वाटतो."

झाले! चाचांनी हात जोडले आणि दाराकडे बोट दाखवले. दादा पावसात भिजत निघून गेले. अण्णा आणि गुरुजी पाहतच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून टपरीवर चारऐवजी तीनच पेले येऊ लागले. दादा दुसऱ्या टपरीवर चहा घेऊ लागले. चाचा नातवाची सायकल दुरुस्तीसाठी स्टेशनपलीकडच्या दुकानात पाठवू लागले. वीस वर्षांची मैत्री एका रात्रीत तुटली. जुलै उजाडला, पोर्तुगाल इंग्लंडलाही हरवून पुढे गेला, मग फ्रान्सकडून हरला. चाचांना त्याचे सुख झाले नाही आणि दुःखही झाले नाही. शेजारी बसून बोलणारे कोणी नव्हते.

एके दिवशी गुरुजी वर्तमानपत्रातील एक चित्र घेऊन आले. त्यांनी दादांनाही हाताला धरून आणले होते. त्या चित्रात मैदानाच्या कडेला दोन खेळाडू शेजारी शेजारी बसले होते. एक पोर्तुगालचा डेको, दुसरा हॉलंडचा व्हॅन ब्रॉन्कहॉर्स्ट. दोघांनाही लाल कार्ड मिळाले होते. दोघे उरलेला सामना बाहेरून पाहत होते.

"हे दोघे एकत्र कसे?" चाचांनी विचारले.

गुरुजी म्हणाले, "दोघे बार्सिलोना क्लबकडून एकत्र खेळतात. मे महिन्यातच दोघांनी मिळून युरोपचा चषक जिंकला. त्या रात्री देश वेगळे होते, म्हणून ते समोरासमोर होते. पण बाहेर आल्यावर एकमेकांशेजारी बसायला त्यांना लाज वाटली नाही. आणि तुम्ही दोघे तर मैदानात उतरलाही नव्हता!"

दोघेही खाली मान घालून बसले. मग गुरुजींनी विचारले, "दादा, त्या रात्री तू नेमके काय म्हणालास?"

"मी म्हटले, आमच्या मुलांनी शेवटपर्यंत चेष्टा केली."

"ऐका गुरुजी! अजून तेच म्हणतो!" चाचा उसळले.

"थांबा चाचा. दादा, चेष्टा म्हणजे काय रे?"

दादांनी दोन्ही मुठी आवळल्या आणि जड दोरी ओढावी तसे हात केले. "म्हणजे खूप जोर लावणे. नाही जमले, तरी पुन्हा पुन्हा करून पाहणे."

गुरुजी हसू लागले. "चाचा, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न! दादा म्हणत होता, आमची मुले हरली, पण त्यांनी शेवटपर्यंत प्रयत्न केला."

चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपला पेला दादांपुढे सरकवला आणि हळूच म्हणाले, "दादा, एवढेच विचारायचे होते, की याचा अर्थ काय. मी विचारले का नाही?"

दादा म्हणाले, "चाचा, तुम्ही का रागावलात, हे मीही विचारले नाही."

तेव्हापासून चाचांच्या खिशात पिवळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा असतो. बोलताना कोणाचा आवाज चढला, की चाचा तो वर धरतात. त्याचा अर्थ चौघांनी मिळून ठरवला आहे : 'समजले नाही. पुन्हा सांगा.'

मित्रांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. तुम्हांलाही असे शब्द रोज भेटतात. उर्दूत खाली म्हणजे रिकामे, मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा. उर्दूत राग गाण्यात असतो, मराठीत तो नाकावर असतो! शब्दाचे रूप ओळखीचे असते, म्हणून आपल्याला वाटते की अर्थही तोच असेल. अशा वेळी चिडण्याआधी एक प्रश्न विचारावा. त्याला फार तर अर्धे मिनिट लागते. चाचा आणि दादांचा मात्र न विचारल्यामुळे सगळा महिना गेला.

शब्दार्थ

हकिकत – घडलेली गोष्ट
हटकून – नक्की, प्रत्येक वेळी
निर्वासित – आपले घर व प्रदेश सोडावा लागलेले लोक
रिवाज – चालत आलेली पद्धत
झोंबाझोंबी – एकमेकांना धरून केलेली मारामारी
ताकीद – पुन्हा चूक करू नये म्हणून दिलेला इशारा
दुभाषा – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा
थट्टा – मस्करी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) न्यूरेंबर्गच्या सामन्यातील एकमेव गोल कोणी केला?
(आ) पिवळी व लाल कार्डे विश्वचषकात प्रथम कोणत्या साली वापरली गेली?
(इ) चाचांच्या खिशातील पुठ्ठ्याचा अर्थ काय?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) केन ऍस्टन यांना कार्डांची कल्पना कशी सुचली?
(आ) दादांच्या बोलण्याचा चाचांनी कोणता अर्थ घेतला? खरा अर्थ कोणता होता?

प्र. ३. तुमचे मत सांगा.
'रागावलेला माणूस कळलेलेही ऐकत नाही.' तुमच्या अनुभवातील एक प्रसंग पाच-सहा वाक्यांत लिहा.

उपक्रम : उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आहेत, पण ज्यांचे अर्थ वेगळे आहेत, असे पाच शब्द शोधा. प्रत्येक शब्दाचे मराठीत एक वाक्य करा व वर्गात वाचून दाखवा.