नवे संकेतस्थळ शोधयंत्रात मागे का राहते?

आपल्यापैकी अनेक वैद्यांनी व औषधालयचालकांनी अलीकडे स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले आहे. ‘खर्च झाला, पण गूगलवर शोधले तर आमचे नाव कोठेच नाही’ ही तक्रार वारंवार कानी येते. आमचाही अनुभव तोच होता, म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास केला.

संकेतस्थळ सुरू होणे आणि शोधयंत्राने त्याची दखल घेणे या भिन्न गोष्टी होत. शोधयंत्राची प्रणाली एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जाते, वाचलेल्या पानांची सूची करते आणि कोणी प्रश्न विचारताच त्या सूचीतून क्रम लावते. नव्या स्थळाकडे नेणारा दुवाच नसेल, तर पहिल्याच पायरीस विलंब होतो. आमच्याकडे दोष घरचाच निघाला. स्थळ तयार होत असताना ‘या पानांची सूची करू नये’ अशी सूचना, म्हणजे ‘नोइंडेक्स’, त्यात घातली होती. ती काढावयाची राहून गेली. चार महिने आम्ही लेखांना दोष देत बसलो! गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या मोफत सुविधेत ही बाब दिसते. ती प्रथम पाहावी.

यापुढचा प्रश्न क्रमाचा. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत एका स्थळाने दुसऱ्यास दिलेला दुवा ही साक्ष मानली गेली. साक्ष देणारा जितका प्रतिष्ठित, तितके तिचे वजन अधिक. आज इतरही अनेक गोष्टी पाहिल्या जातात, तरी दुव्यांचे महत्त्व संपलेले नाही. आपल्या प्रमाणविचारातील आप्तोपदेशाशी याचे काहीसे साम्य आहे, मात्र आप्त कोण हे यंत्राला बाह्य खुणांवरूनच ठरवावे लागते. नव्या स्थळापाशी अशी साक्ष नसते. ती विकत मिळवून देणारे पुष्कळ भेटतात. परंतु २०१२ च्या ‘पेंग्विन’ बदलापासून अशा कृत्रिम दुव्यांविरुद्ध गूगलने कठोर धोरण ठेवले आहे.

त्यात आपला विषय आरोग्याचा. गूगलच्या मार्गदर्शक सूचनांत अशा पानांसाठी विश्वासार्हतेची कसोटी अधिक कडक आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तीत लेखकाच्या प्रत्यक्ष अनुभवाचीही भर पडली. निघंटूतून उतरवलेले अश्वगंधेचे गुण असंख्य स्थळांवर आहेत. आमचेच पान वर का यावे? ‘मधुमेह कायमचा बरा’ अशी जाहिरात करण्याचा मोह तर सर्वथा टाळावा. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने ती निषिद्ध आहे.

आम्ही उताऱ्यांची पाने काढून टाकली. स्नेहपानाच्या दिवसांत काय खावे, केव्हा कळवावे, असे रुग्ण नेहमी विचारतात ते प्रश्न उत्तरांसह लिहिले आणि खाली नाव, पदवी व नोंदणी क्रमांक दिला. गावाचे नाव घालून शोधल्यास ते पान आता दिसते. नुसत्या ‘पंचकर्म’ या शब्दावर अद्याप नाही.