आपल्या जिवाचाही आपल्यावर हक्क आहे

गेल्या पावसाळ्यात मळवलीतील एका घरी जाणे झाले. भातलावणीचे दिवस होते. घरातील माउली पहाटे सर्वांचे डबे करून शेतावर जात, परतल्यावर आजारी सासूबाईंचे पथ्यपाणी पाहत आणि रात्री सर्वांची जेवणे आटोपल्यावर पातेल्यात उरेल ते खात. चक्कर येऊ लागली होती, तरी दवाखाना लावणी उरकेपर्यंत पुढे ढकललेला. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "मौलाना, दुसऱ्यांसाठी झिजणे सवाबचेच काम ना?"

ही एकाच घराची कथा नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कारणे अनेक आहेत. सर्वांत शेवटी व उरलेले खाण्याची रीत हे त्यांपैकी एक.

ईसार, म्हणजे स्वतःला गरज असूनही दुसऱ्याला प्राधान्य देणे, हा निःसंशय श्रेष्ठ गुण आहे. सूरह अल-हश्रमध्ये (५९:९) अन्सारची त्यासाठी प्रशंसा आली आहे. परंतु ईसार हा समजून-उमजून, राजीखुशीने केलेला त्याग असतो. नकार देण्याच्या भीतीने किंवा केवळ रीत म्हणून रोज स्वतःला उपाशी ठेवणे म्हणजे ईसार नव्हे.

सहीह बुखारीतील प्रसंग पाहा. ह. सलमान फारसी (रजि.) आपले धर्मबंधू ह. अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले. अबू दरदा दिवसा रोजा ठेवत व रात्र नमाजमध्ये घालवत. त्यांच्या पत्नीने स्वतःच्या पेहरावाकडेही लक्ष देणे सोडले होते. सलमान यांनी त्यांना आपल्यासोबत जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि अखेरच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांनी समजावले की पालनकर्त्याचा, स्वतःच्या जिवाचा आणि कुटुंबीयांचाही हक्क असतो. ज्याचा त्याला द्यावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरविले. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये तर खर्चाचा क्रमच सांगितला आहे: आधी स्वतः, मग कुटुंब, मग नातलग, मग इतर.

सवय मोडण्यासाठी चार गोष्टी कराव्यात. पहिली, दस्तरखानावर सर्वांनी एकत्र बसावे आणि स्वयंपाक करणारीचा वाटा आधी काढून ठेवावा. दुसरी, औषधाची व तपासणीची तारीख नमाजच्या वेळेप्रमाणे पाळावी. तिसरी, कोणाला होकार देण्यापूर्वी त्यापायी कोणाचा हक्क बुडतो हे स्वतःला विचारावे. चौथी, नकार द्यावा लागल्यास मृदू शब्दांत द्यावा. सूरह बनी इस्राईलची (१७:२८) हीच शिकवण आहे. लगेच पुढची आयत हात आखडून ठेवण्यास मनाई करते, तसेच तो इतका सैल सोडण्यासही की माणूस थकून, हताश होऊन बसावा.

मात्र ही जबाबदारी एकट्या माउलीची नाही. जिचा त्याग आपण गृहीत धरतो, तिचा हक्क आपणच बुडवत असतो. त्याचा जाब पती व मुलांना द्यावा लागेल.

त्या दिवशी धाकटा मुलगा हे सारे ऐकत दारात उभा होता. दुसऱ्या सकाळी लावणी थांबली आणि तो आईला घेऊन आरोग्य केंद्रात गेला.

अल्लाह आपणा सर्वांना प्रत्येकाचा हक्क, आणि त्यात स्वतःचाही, अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.