फोर-व्हील लागत नाही? आधी हब पाहा

कारागीर बंधूंनो, पावसाळ्यात वसमत-कळमनुरीच्या काळ्या मातीत जीप रुतते आणि फोर-व्हीलची दांडी टाकूनही पुढची चाके ओढत नाहीत. अशी गाडी आली की लगेच ट्रान्सफर केस खोलू नये, असे आम्ही सुचवतो.

मागच्या चाकांना दगड लावावेत. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये आणि दांडी फोर-व्हीलवर ठेवावी. पुढचे एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. सोबत पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरला, तर दोष दांडीच्या जोडणीत किंवा ट्रान्सफर केसमध्ये. शाफ्ट स्थिर राहून चाकच फिरले, तर हब पकडत नाही; दोन्ही बाजूंचे हब पाहावेत. हब व्हॅक्यूमचे असतील तर आधी नळी तपासावी.

नळी फुटलेली असताना केस खोलल्याचे पैसे घेणे ही हलाल रोजी नव्हे. गिऱ्हाइकाची गाडी आपल्याकडे अमानत असते.