श्रीस्थानकाचे राजे

ठाणे शहरातील मासुंदा तलाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सायंकाळी काठावर माणसांची दाटी होते. पाण्यावर होड्या फिरू लागतात. जवळच कोपिनेश्वराचे मंदिर आहे. १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. परंतु त्यापूर्वी कित्येक शतके या परिसरात एका राजघराण्याचे वैभवशाली नगर नांदत होते, हे तेथे भेळ खाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

जर्मनीत श्वेरीन नावाचे असेच तळ्याकाठचे नगर आहे. तेथील ड्यूकांचा, म्हणजे त्या प्रांताच्या अधिपतींचा, प्रासाद तळ्यातील बेटावर आजही उभा आहे. तो पाहिला की त्या घराण्याचा थाट सांगावा लागत नाही. ठाण्याच्या राजांचा वाडा मात्र कोठेच दिसत नाही. मग त्यांची ओळख आपल्याला पटली कशी?

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामाचा पाया खणत असता मातीतून तांब्याचे पत्रे निघाले. रामलोचन पंडितांनी त्यांवरील संस्कृत मजकुराचा अर्थ सांगितला आणि १७८८ साली कलकत्त्याच्या एका विद्वत्पत्रिकेत तो इंग्रजीत छापून आला. तो शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा, शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट होता. राजाने भूमी दान दिली की दानाचा लेख असा तांब्यावर कोरून देत. कागद कुजतो, वाळवी खाते; तांबे टिकते. पत्रे एका कडीत ओवीत आणि कडीवर शिलाहारांचे चिन्ह असलेला गरुड उमटवीत. अशाच लेखांतून ठाण्याचे जुने नाव कळते : श्रीस्थानक.

उत्तर कोकणचे शिलाहार नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत राज्य करीत होते. ते स्वतःला महामंडलेश्वर म्हणवीत. प्रथम ते राष्ट्रकूट सम्राटांचे मांडलिक होते. राष्ट्रकूटांची सत्ता दहाव्या शतकात लयास गेली. त्यानंतर ९९७ साली भिवंडीजवळील भादाणे गाव दान देताना अपराजित राजाने आपल्या ताम्रपटात त्या नष्ट झालेल्या सत्तेविषयी खेद व्यक्त केला आहे. धनी गेल्यावर त्याची आठवण काढणारे मांडलिक विरळाच!

बाराव्या शतकातील अपरादित्य राजा तर विद्वान होता. याज्ञवल्क्यस्मृतीवरील त्याची टीका दूर काश्मीरमध्येही अभ्यासली जाई. त्याने तेजकंठ नावाचा पंडित काश्मीरच्या विद्वत्सभेस पाठविला होता. त्या काळी कोकणातून काश्मीरला जाणे म्हणजे केवढा प्रवास!

शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीच्या महादेव यादवाने सुमारे १२६५ मध्ये त्याच्यावर स्वारी केली. तो जहाजांत बसून लढला आणि समुद्रातच बुडाला. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर नौकांचे युद्ध कोरलेले आहे. ते याच लढाईचे असावे, असे काही अभ्यासक मानतात.

या राजांच्या हातचे मंदिर पाहावयाचे असेल, तर कल्याणच्या पुढे अंबरनाथला जावे. तेथील शिवालयात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, मुम्मुणी राजाच्या काळातील शिलालेख आहे. ठाण्यात मात्र तळी आणि माती एवढेच उरले. त्यांतीलही काही तळी बुजवून त्यांवर इमारती उठल्या; बुजविण्यापूर्वी त्यांच्या तळाशी कोणी डोकावून पाहिले असेल काय? आणि अरिकेसरीचा ताम्रपट जेथे सापडला, त्या किल्ल्यात आज कारागृह आहे.