उंच गड्यास दुसरी संधि

टाकलेल्या गड्याचें नांव नव्या संघांत घातलें म्हणजे त्यास दुसरी संधि मिळाली, असें आम्हीं समजतों. पीटर क्राउच ह्याची हकीकत पाहावी. हा इंग्लंडचा फुटबॉलपटु सहा फूट सात इंच उंच. इ. स. २००२ मध्यें ॲस्टन व्हिला संघानें त्यास सुमारें ५० लक्ष पौंडांस घेतलें. तेथें त्याचें बस्तान बसेना, म्हणून २००४ सालीं तो २० लक्षांस साउदॅम्प्टनकडे गेला. तेथेंही आरंभीं बहुधा बाहेरच बसावें लागे. डिसेंबरांत हॅरी रेडनॅप व्यवस्थापक झाले. पूर्वीं पोर्टस्मथ येथें त्यांनीं त्याचा खेळ पाहिला होता. त्यांनीं त्यास नित्य खेळविलें, व त्या हंगामांत त्यानें १६ गोल केले. (संघ मात्र खालच्या वर्गांत उतरलाच.)

पुढें लिव्हरपूलनें त्यास ७० लक्षांस घेतलें. तेथें चार महिने एकही गोल नाहीं! प्रेक्षक त्याच्या उंचीस हंसत. तरी व्यवस्थापक राफाएल बेनिटेझ त्यास खेळवीत राहिले. खरी संधि ती हीच, असें आम्हांस वाटतें. ३ डिसेंबर २००५ रोजीं विगनविरुद्ध त्यानें दोन गोल केले. पहिला कांहीं देखणा नव्हता: चेंडू प्रतिपक्षाच्या गड्यास लागून उडाला, व गोलरक्षकाच्या हातून निसटून आंत गेला.